सेरोटोनिन, सर्पगंधा आणि आमचे अण्णा

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा विज्ञानाच्या विषयावर आपण काही लिहू असे मला वाटले नव्हते. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मेंदूतील एका रसायनावर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील. त्यांना एवढेच सांगते, की हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला म्हणून मला वाचावे लागले.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहेत. धाराशिव जिल्ह्यातून आम्ही इकडे आलो तेव्हा मी पहिलीत होते. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक तिसरी. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांचे जेवण तुटले. झोप येईना. तिसऱ्या पाळीहून आले की भिंतीकडे तोंड करून पडत, पण डोळे उघडेच. मुळात माणूस बोलघेवडा. तो चहा निवेपर्यंत नुसता कपाकडे बघत बसू लागला. शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन ‘बाहेरचं काही असंल’ असे सुचविले. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘येरवड्याला दाखवा,’ आणि म्हणताना हसले. आपल्या भागात येरवडा म्हटले की तुरुंग नाहीतर वेड्यांचे इस्पितळ एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

शेवटी आम्ही एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. आईला कागद वाचता येत नाही, म्हणून मी बरोबर गेले. गर्दी फार होती. डॉक्टरांनी पाच-सात मिनिटे विचारपूस केली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालंय. गोळीनं भरून निघेल.” बाहेर बसथांब्यावर आल्यावर अण्णांनी मला विचारले, “कमी झालं म्हंजी? कुणी काढलं?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे मानसशास्त्र विषय घेतला, सरांनी ग्रंथालयातून पुस्तके काढून दिली, जिथे अडले तिथे समजावून सांगितले. त्यातून जे उमगले ते येथे मांडते. चुकले असेल तर ते माझे.

सेरोटोनिनचा शोध मनाच्या शास्त्रात लागलेलाच नाही, हे वाचून मला प्रथम नवल वाटले. रक्त गोठताना त्यातून असे काही सुटते की ज्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील रॅपपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघांनी १९४८ साली ते द्रव्य वेगळे काढले. रक्तातील सीरमवरून आणि ताण या अर्थाच्या शब्दावरून त्याला सेरोटोनिन हे नाव पडले. इटलीत अर्स्पामेर नावाचे शास्त्रज्ञ त्याआधीपासून आतड्यातील एका द्रव्यावर काम करीत होते. ते हेच निघाले. मेंदूतही ते आहे हे १९५३ साली बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने पेज यांच्यासमवेत प्रसिद्ध केले.

आपल्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूत असते ते अगदी थोडे, आणि आतड्यातले मेंदूत जाऊ शकत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर आहे. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतःच बनवितो. त्यासाठी ट्रिप्टोफॅन हे अन्नातील द्रव्य लागते आणि ते तो अडसर ओलांडू शकते. केळी खा आणि आनंदी व्हा, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे, पण ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. केळी खावीत, त्याबद्दल तक्रार नाही.

मेंदूच्या देठाच्या मध्यभागी काही लाख चेतापेशी आहेत, त्या हे रसायन तयार करतात. अब्जावधी पेशींच्या मेंदूत काही लाख म्हणजे मूठभरच. पण त्यांचे फाटे सबंध मेंदूभर आणि पाठीच्या कण्यापर्यंत पसरलेले आहेत. झोप, भूक, वेदना, शरीराची उष्णता, ओकारी, मनःस्थिती, रागाच्या भरात हात उचलणे न उचलणे, इतक्या ठिकाणी याचा हात आहे. ते ज्या ग्राहकांवर जाऊन बसते त्यांची सात कुळे आहेत आणि एकाच रसायनाचा परिणाम एका ठिकाणी एक तर दुसऱ्या ठिकाणी अगदी उलट होऊ शकतो. म्हणून त्याला ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे मला पटत नाही. ओकारीच्या रसायनाला तेही नाव देता येईल.

आता त्याचे काम कसे चालते ते पाहू. दोन चेतापेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. पहिली पेशी रसायन इवल्या पिशव्यांत भरून ठेवते आणि संदेश आला की फटीत सोडते. ते पलीकडच्या पेशीवर जाऊन बसते. काम झाले की उरलेला माल पहिली पेशी परत ओढून घेते. काही पुन्हा पिशव्यांत भरला जातो, काही एक विकर मोडून टाकते. अण्णांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितले. स्टोअरमध्ये बिनमध्ये माल भरलेला. लाइनवरून मागणी आली की बिन रिकामा होतो. उरलेला माल ट्रॉली परत नेते. बिनमध्ये न भरता बाहेर पडून राहिलेला माल स्क्रॅपमध्ये जातो. हे त्यांना लगेच समजले, आणि खरे सांगायचे तर मलाही तेव्हाच नीट समजले.

येथून गोष्ट आपल्या देशात, नव्हे आपल्या मुंबईत येते. सर्पगंधा हे झुडूप आपल्या पश्चिम घाटातही सापडते. त्याची मुळी वेडावर आणि निद्रानाशावर फार पूर्वीपासून दिली जाई. उत्तरेत तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर व रक्तदाबावर उपयोगी असल्याचे लिहिले. परंतु बाहेरच्या जगाने तिची दखल घेतली ती मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झाले ते पद्धतशीर नोंदविले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. के. ई. एम. इस्पितळात काम केलेल्या या डॉक्टरांचे नाव आमच्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

१९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. जगभर रक्तदाबाचे रुग्ण ते घेऊ लागले, मनोरुग्णांनाही देऊ लागले. मग दोन गोष्टी नजरेस आल्या. १९५५ साली अमेरिकेत प्लेचर, शोअर आणि ब्रॉडी यांनी दाखविले की रेसर्पिन दिल्यावर जनावरांच्या मेंदूतील सेरोटोनिन एकदम उतरते. ते बिन भरू देत नाही, माल बाहेर राहतो आणि स्क्रॅप होतो. दुसरी गोष्ट अशी, की रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना गाढ उदासी आल्याचे डॉक्टर सांगू लागले. याच सुमारास क्षयावरचे इप्रोनियाझिड हे औषध घेणारे रुग्ण भलतेच उल्हसित होतात असेही दिसले. (आमच्या पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन आणि पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन बनू लागले, त्या काळी क्षयाची धास्ती किती होती हे जुन्या कॉलनीतील लोकांकडून ऐकावे.) हे औषध सेरोटोनिन मोडणाऱ्या विकरालाच अडविते असे निघाले. एका औषधाने रसायन घटले आणि माणूस उदास झाला, दुसऱ्याने वाढले आणि माणूस हसू लागला. उदासी म्हणजे मेंदूतील रसायनाचा तुटवडा, हा विचार येथून बळावला. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला सांगितलेले वाक्य एवढ्या लांबून आले होते.

पण मी पुढे वाचत गेले तसे हे गणित सुटेना. रेसर्पिन एकट्या सेरोटोनिनला रिकामे करीत नाही. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचेही बिन रिकामे होतात. मग दोष कोणाचा? रेसर्पिन घेणारे बहुसंख्य लोक उदास झालेही नाहीत. उलट १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंतेने व उदासीने पछाडलेल्या रुग्णांना तेच रेसर्पिन दिले, तर त्यांना बरे वाटले! ही चाचणी पुढे जवळजवळ विसरली गेली. जी गोष्ट मताला जुळत नाही ती शास्त्रातही कशी बाजूला पडते, याचे मला वाईट वाटले. नंतरच्या काळात निरोगी माणसांच्या आहारातून ट्रिप्टोफॅन काढून त्यांचे सेरोटोनिन मुद्दाम घटविण्याचे प्रयोग झाले. बहुतेक जण उदास झाले नाहीत. ज्यांना आधी हा आजार होऊन गेला होता त्यांतील काहींना मात्र तो पुन्हा जाणवला. म्हणजे संबंध अगदीच नाही असेही म्हणता येत नाही.

अण्णांना दिलेल्या गोळ्या परत नेणारी ट्रॉली अडवितात, त्यामुळे माल फटीत अधिक वेळ राहतो. या जातीचे फ्लुओक्सेटिन हे औषध अमेरिकेत १९८७ साली मान्य झाले आणि त्यानंतर ‘तुटवडा’ हा शब्द घरोघर पोहोचला. परंतु फटीतील सेरोटोनिन काही तासांत वाढते, आणि माणसाला बरे वाटायला दोन-चार आठवडे, कधी अधिकही लागतात. नुसता तुटवडा भरून काढायचा असता तर एवढा वेळ का लागावा? मधल्या काळात मेंदू आपली जुळवाजुळव बदलत असावा असे आता मानतात. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे संशोधन एकत्र तपासून सांगितले, की सेरोटोनिन कमी झाल्याने उदासीचा आजार होतो याला सुसंगत पुरावा नाही. त्यावर वाद झाला. अनेक तज्ज्ञांनी सांगितले, की हा आजार एका रसायनाचा आहे असे आम्ही केव्हाच मानणे सोडले आहे. औषधाचा गुण येतो की नाही हा प्रश्न वेगळा. तो गुण किती, हे २०१८ साली ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने पाहिले होते. ५२२ चाचण्यांतील एक लाखाहून अधिक रुग्णांचा हिशोब मांडला, तेव्हा तपासलेली सर्व २१ औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फार मोठ्या फरकाने नव्हे. तापावर गोळीने गुण आला म्हणून ताप गोळीच्या तुटवड्याने आला असे कोणी म्हणत नाही, हे उदाहरण आमच्या सरांनी दिले ते मला फार आवडले.

हे सर्व वाचण्याआधी आमच्या घरी एक चूक झाली होती, ती सांगते. सहा आठवड्यांनी अण्णांना बरे वाटू लागले. लाइनवरचा एक जोडीदार म्हणाला, ‘या गोळ्यांची सवय लागते, सोडून दे.’ अण्णांनी एका दिवसात बंद केल्या, आम्हाला न सांगता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामावर असतानाच चक्कर आली, आणि मान वळविली की डोक्यात करंट मारल्यासारखे होऊ लागले. मशीनवर हात होता, थोडक्यात निभावले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की या गोळ्या अचानक तोडल्या की असे होते. मेंदू ज्या व्यवस्थेला सरावला ती एकदम काढून घेऊ नये, मात्रा हळूहळू उतरवावी. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

याच डॉक्टरांनी पाळीबद्दलही विचारले. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी सेरोटोनिनपासून मेलाटोनिन तयार करते आणि शरीराला रात्र झाल्याची खबर मिळते. डोळ्यांवर उजेड पडला की हे काम थांबते. सेरोटोनिनच्या पेशीही जागेपणी अधिक काम करतात, झोपेत मंदावतात आणि स्वप्नाच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. तिसऱ्या पाळीत अण्णा रात्रभर शेडच्या झगझगीत दिव्यांत उभे असतात, सकाळी कंपनीच्या बसमधून ऊन डोळ्यांवर घेत येतात आणि पत्र्याच्या खोलीत झोपायला बघतात. शरीर त्या वेळेला सरावते न सरावते तोच आठवडा संपतो. पाळीचे काम आणि उदासी यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. अण्णांचे दुखणे पाळीनेच आले असा दावा मी करीत नाही. त्याच वर्षी गावाकडची जमीन भावकीत गेली, आजी वारली. पण पहिल्या भेटीत यातले एकही कोणी विचारले नव्हते.

हा लेख पुरा झाल्यावर मी अण्णांना वाचून दाखविला. बिन आणि ट्रॉलीवर ते हसले. मग मी सांगितले, की जिवंत माणसाच्या मेंदूतले सेरोटोनिन मोजण्याची अशी कोणतीही तपासणी दवाखान्यात होत नाही. तुमचेही कोणी मोजले नव्हते.

अण्णा उठून बसले. “मोजल्याबिगर कमी कसं म्हनले? आमच्याकडं गेज लावल्याशिवाय एक पीस पास होत न्हाई.”

गोळी सध्या अर्ध्या मात्रेवर आहे. सुपरवायझरना विनंती करून पाळी आता महिन्याने बदलते. ते मिळवायला चार अर्ज करावे लागले, चारही मी लिहिले. खिडकीला आईने काळे कापड शिवून लावले आहे. या महिन्यात तिसरी पाळी आहे, म्हणून ही शेवटची पाने मी ग्रंथालयात बसून उतरविली.