दोनदा परत आलेला नंबर

लातूर

चि. बाळा,


तुझ्या आईचा फोन आला होता. कर्नलमधला तो बिघाड तू दोन तासांत मिटवलास म्हणे, आणि मिटवताना इशाऱ्याची ओळही काढून टाकलीस. मशीन पडायचं थांबलं, चांगलं झालं. पण ती ओळ का काढलीस?

लिनक्स कर्नलमध्ये नंबर वाटणारा आयडीए म्हणजे नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचं जोडाघर समज. जोडे ठेवले की टोकन, नेले की टोकन परत, रिकामा खण पुढच्याला. आयडीए १०२४ नंबरांमागे एक बिटमॅप, म्हणजे खणांची मांडणी, ठेवतो आणि तो पूर्ण रिकामा झाला की मोडून टाकतो. तोच नंबर कुणी दुसऱ्यांदा आणून दिला, तर खण रिकामा बघून सेवादार हटकतो. पण अख्खी मांडणीच उचलून नेलेली असली तर? हात पोकळीत जातो, कर्नल कोसळतो. नेमका हाच दोष २०२३ साली मॅथ्यू विल्कॉक्स यांनी दुरुस्त केला. खणाआधी मांडणी आहे का ते बघायचं, एवढीच दुरुस्ती. मात्र मांडणी नसली तरी 'हा नंबर दिलेलाच नाही' हा इशारा छापला जातोच, आणि सोबत त्यांनी चाचण्याही जोडल्या.

तू म्हणशील, इशारा दिसला की ग्राहकांचे फोन येतात. येऊ देत. हा इशारा नंबर अजून रिकामा असेल तरच येतो. दोन परतींच्या मधे तो दुसऱ्या कुणाला दिला गेला, तर खण भरलेला दिसतो, परतही मुकाट्यानं मान्य होते, आणि पुढे एकाच टोकनावर दोघांचे जोडे! तेव्हा काहीच छापलं जात नाही. खरा दोषी तो दोनदा परत करणारा ड्रायव्हर, आणि त्याचा माग सांगणारी ओळच तू पुसलीस.

तारीख गाठायची होती, हेही खरं असेल. उत्तर जुळलं की वही मिटायची, ही सवय लातूर पॅटर्नच्या नादात आम्ही मोठ्यांनीच तुम्हाला लावली. त्याची खंत आता वाटते.

फार बोललो. ओळ परत घाल, चाचणी लिही, पण रात्र जागून नको. तुझा आवाज बसलाय म्हणत होती आई. दसऱ्याला ये. तो ड्रायव्हर सापडला नाही तरी ये.

तुझा,
काका