गाडीच्या एसीचा आवाज : आधी कान, मग पाना

आपल्या समाजातील अनेक तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत. उन्हाळ्यात एसीची कामे वाढतात आणि "एसी लावला की आवाज येतो" ही तक्रार नेहमीची. पुष्कळदा थेट कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला दिला जातो. दोष मात्र साध्या पट्ट्याचा किंवा बेअरिंगचा निघतो. म्हणून तपासणीचा क्रम आम्ही येथे देत आहोत.

१) इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा व ब्लोअर लावा. त्याच्या वेगाबरोबर आवाज वाढला तर दोष ब्लोअरचा. आत अडकलेले सुके पानसुद्धा खडखड करते.

२) आता इंजिन सुरू करा, एसी बंद ठेवा. घरघर येत असेल आणि एसी लावताच ती थांबत असेल, तर पुलीचे बेअरिंग तपासा. एसी बंद असताना पुली बेअरिंगवर एकटी फिरते. क्लच लागला की शाफ्टही तिच्याबरोबर फिरतो.

३) एसी लावताच चिरका आवाज आला तर पट्टा ढिला किंवा झिजलेला आहे का ते पाहा. ठोके येत असतील तर आधी कॉम्प्रेसरचे बोल्ट कसा. तरीही ठोके राहिले तर दोष आत असू शकतो. असा एसी चालवू नका. धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो. तो साफ न करता व ड्रायर न बदलता नवा कॉम्प्रेसर बसविल्यास तोही जातो.

४) एसी लागताना एकदा 'टक्' होणे हा दोष नव्हे. दर काही सेकंदांनी टक्‌टक् होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता असते. गेज लावून खात्री करा. गळती न शोधता गॅस भरू नका. एसी बंद केल्यावर थोडा वेळ येणारी 'हिस्स' दाब समान होण्याची असते.

काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो; तेथे 'टक्'ची व पुलीची खूण लागू पडत नाही. तपासताना सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवा.

बंधूंनो, बेअरिंगच्या कामाला कॉम्प्रेसरचे पैसे घेणे हेही मापात खोट करणेच आहे, आणि त्याविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. काढलेला भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्या, दोष दाखवा. इन्शाअल्लाह, तोच गिऱ्हाईक आणखी चार जण घेऊन येईल.