पायथा तासणाऱ्यांना वेळीच अडवा

"काका, खाली कातळ आहे, काही होत नाही." शेजारच्या प्लॉटवर जेसीबी लावणाऱ्या ठेकेदाराचं हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. सपाट जागा वाढावी म्हणून त्याने आमच्या घरामागच्या उताराचा पायथा उभा तासला आणि काँक्रीटची भिंत घातली. पाणी जायला त्या भिंतीला एक भोक नव्हतं. विचारलं तर म्हणे, "तुम्ही इंजिनिअर आहात का?"

भर जुलैत परड्यातल्या फणसाजवळ बोटभर रुंद भेग दिसली. काठी घातली तर हातभर आत गेली. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या. सकाळी अंतर वाढलेलं होतंच, पण खालची खुंटी चार बोटं खचलीही होती. तेव्हा पोटात गोळा आला. अख्खा उतारच निघाला होता, आणि खाली भिंतीला पोट आलं होतं. ठेकेदाराला फोटो पाठवले, त्याने फोन उचलणंच सोडलं. आम्ही घर रिकामं केलं. त्याच रात्री भिंतीसकट चिखल मागच्या पडवीत आला.

आता तो 'निसर्गाचा कोप' म्हणतो. पाऊस आधीही पडतच होता की! जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण थरावर, अडतं, वरची माती जड होते, तिची पकड सुटते. तिला खालून पायथ्याचा टेकू असतो. तोच याने काढला.

माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. दरडी कोसळल्याच्या या तारखा नीट बघा. जूनपासून डोंगर पाणी पीत असतो, म्हणून धोका जुलैच्या उत्तरार्धात जास्त.

भेग दिसली तर खुंट्या ठोकून रोज मापा. उघडीप असेल तर भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री घाला. वरचं पाणी चर खणून बाजूला काढा. भिंतीला पाणी जायची भोकं हवीतच. आपला सुका गडगा पाणी तुंबू देत नाही, हे जुन्यांना कळत होतं. झरा एकाएकी गढूळ झाला, दारं अडकू लागली, खांब कलले, तर सामान आवरत बसू नका, बाहेर पडा. झाडं लावा, जाणकाराचा सल्ला घ्या, हे आहेच.

आणि कुणी पायथा तासताना दिसला, तर पावसाच्या आत लेखी तक्रार करा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.