आकाशातून उतरणारा नाताळ

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, कापिंगामारांगी नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील लोक ख्रिस्ती. त्यांचा नाताळ भर उन्हात साजरा होतो. बर्फ कसले नि थंडी कसली! मासे आणि नारळ यांना तोटा नाही; परंतु जाळे फाटले, तर दुसरे आणावयाचे कोठून? जहाज कधीकाळी येणार.

१९५२ साली नाताळच्या सुमारास हवामानाची पाहणी करणारे एक अमेरिकन विमान त्या बेटावरून चालले होते. खाली माणसे हात हलवीत असलेली वैमानिकांना दिसली. विमानात होते नव्हते ते सामान त्यांनी गोळा केले, त्यास हवाई छत्री बांधली आणि ते खाली सोडले.

तेव्हापासून दर डिसेंबरात ग्वाम बेटावरून विमाने निघतात आणि मायक्रोनेशियातील दूरदूरच्या बेटांवर अशा पेट्या टाकतात. पेटीत खेळणी असतात. मुलांना तीच प्रिय! वडीलधाऱ्यांचे डोळे मात्र तांदूळ, हत्यारे आणि जाळी यांकडे लागलेले. छत्रीचे कापडसुद्धा होडीवर आच्छादन म्हणून कामास येते.

दुसऱ्या महायुद्धात याच समुद्रावर जपान व अमेरिका यांची विमाने एकमेकांवर तुटून पडली होती. २०१५ साली जपानचे विमानही या पेट्या घेऊन निघाले.