पाणी काढा, पण घडी मोडू नका!

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, कडक झाल्या की डब्यात भरल्या. वर्षभर चिंता नाही. मग प्रथिनांची औषधं अशीच वाळवून पावडर का करू नयेत? करतात, पण उन्हात नाही!

प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली अमिनो आम्लांची साखळी. घडी शाबूत, तोवरच औषधाचा गुण. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण घड्या उलगडून साखळ्या एकमेकींत गुंततात. तो पुन्हा पातळ होत नाही. औषधात असे गठ्ठे झाले तर गुण घटतोच, शिवाय रुग्णाचं शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू शकतं.

म्हणून फ्रीझ ड्राइंग. द्रावण आधी गोठवायचं, मग व्हॅक्यूम लावायचा. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कल. दाब त्याखाली ठेवला की बर्फ न वितळता थेट वाफ होतो. शेवटी तापमान हळूहळू वाढवून उरलंसुरलं पाणी काढायचं.

खरी अडचण पुढेच आहे. उष्णता टाळली तरी प्रथिन बिघडतं! पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी घडीला आधार देत असतात. ते गेले की आधार गेला. यावर उपाय म्हणजे साखर. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज पाण्याच्या जागी बंध जोडते आणि काचेसारखी घट्ट होऊन प्रथिनाला जागीच जखडते. पण कुठलीही साखर चालत नाही. ग्लुकोज, लॅक्टोज प्रथिनाशीच अभिक्रिया करतात. पाव भाजताना तपकिरी होतो, तीच ही मेलार्ड अभिक्रिया.

स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब पाहा. हर्सेप्टिनच्या ४४० मिलिग्रॅमच्या कुपीत ट्रेहॅलोज असते तब्बल ४०० मिलिग्रॅम!

आता आपलं, म्हणजे इंजिनिअरचं काम. तापमान वाढवलं तर वाळवण लवकर उरकतं. पण सुक्रोजचं गोठलेलं द्रावण साधारण उणे ३२ अंशांच्या वर गेलं की मऊ पडून ढासळतं. इथे घाई महागात पडते.

आणि एवढं जपलेली पावडर शेवटच्या मिनिटालाही वाया जाऊ शकते. कुपीत पाणी घातल्यावर ती खळखळून हलवायची नाही, अलगद फिरवायची. फेस झाला की बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर तीच घडी उलगडू लागते!