धूम्रपानाविषयीचा पाठ आणि स्वतः शिक्षक



वरच्या इयत्तांना आरोग्य शिकविताना तंबाखू व धूम्रपान यांच्या दुष्परिणामांचा पाठ आपण सर्वच जण घेतो. शाळातपासणीच्या निमित्ताने असे पुष्कळ पाठ मी वर्गाच्या मागील बाजूस बसून ऐकले आहेत. बहुतेक पाठांचे टाचण व्यवस्थित काढलेले असते. फळ्यावर रोगांची नावे ओळीने येतात, मुले ती उतरवून घेतात आणि विचारल्यास धडाधड सांगतातही. तथापि त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही, असे माझे मत झाले आहे. व त्याचे कारण इतरांत शोधण्यापूर्वी मी ते स्वतःत शोधणे उचित होईल.

मी 1993 साली एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झालो. त्या काळी दिवसाकाठी एक बंडल विडी मला लागत असे. मधल्या सुटीत चौथीतील एका मुलाच्या हाती पैसे देऊन मी त्यास दुकानातून बंडल व काडेपेटी आणावयास पाठवीत असे. मुलगा चपळ होता आणि प्रामाणिकही. उरलेले सुटे पैसे तो मोजून परत देई. ह्यात काही गैर आहे असे मला वाटले नाही आणि गावासही वाटले नाही. आठेक वर्षांनी तो मला बाजाराच्या दिवशी भेटला. मला पाहताच त्याने हात पाठीमागे नेला व मान लववून नमस्कार केला. त्याच्या खांद्यामागून धूर वर येत होता, आणि सदऱ्याच्या खिशातून डोकावणारे बंडल माझ्याच नेहमीच्या छापाचे होते.

त्याच दिवशी मी विडी सोडली, असे लिहावयास मला आवडले असते. पण ती सुटली त्यानंतर चार वर्षांनी, आणि तीही तिसऱ्या प्रयत्नात.

पहिले दोन प्रयत्न मी भीतीपोटी केले होते. शेजारच्या गावातील एका गृहस्थांस फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले की चार दिवस विडी बंद. पाचव्या दिवशी भीती ओसरे आणि काडी पेटे. तिसरा प्रयत्न ज्या कारणाने टिकला ते कारण सांगण्यासही क्षुल्लक वाटेल. सकाळच्या परिपाठात प्रार्थना सांगताना दुसऱ्या कडव्याच्या आरंभी मला हमखास खोकला येई. एके दिवशी मला तो आला नाही, तर पहिलीची मुले त्या जागी थांबली व सर्वांनी मिळून खोकली. तो प्रार्थनेचाच भाग आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मुलांत हसू नव्हते, खोडीही नव्हती. त्या दुपारी मी उरलेले बंडल चुलीत टाकले.

हा अनुभव सांगण्याचे प्रयोजन असे की, विडी ओढणारास तिचे अपाय ठाऊक नसतात हा आपला समज चुकीचा आहे. 2016 सालापासून वेष्टनाचा 85 टक्के भाग चित्रासहित इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते चित्र पाहातच मनुष्य काडी ओढतो. दूरचे भय व्यसनाशी झुंजू शकत नाही. जवळचे, रोज समोर येणारे आणि स्वतःचे असे कारणच झुंजते. कोणास चढावरच्या शाळेत पोहोचताना लागणारी धाप हे कारण असेल. कोणाचे नातवंड तोंडाच्या वासाने मान फिरवीत असेल. ते कारण एका चिठ्ठीवर लिहावे आणि ज्या खिशात बंडल असे त्याच खिशात ठेवावे.

उपदेश करणाराने आधी स्वतःकडे पाहावे, ह्याचे एक मोठे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्या संशोधकांनी 1950 साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला आणि 1951 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी पत्रे पाठविली. सुमारे 40 हजार डॉक्टरांनी उत्तरे दिली. पुढे पन्नास वर्षे त्यांच्या जीवनमरणाची नोंद ठेवण्यात आली. डॉल स्वतः धूम्रपान करीत. पण हाती येणारे आकडे पाहून त्यांनीही ते सोडले. 2004 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने सुमारे 10 वर्षे आधी मरण पावतात. परंतु तिसाव्या वर्षी सोडणारास ही जवळजवळ सर्व वर्षे परत मिळतात. चाळिसाव्या वर्षी सोडल्यास 9, पन्नासाव्या वर्षी 6 आणि साठाव्या वर्षी सोडल्यासही 3 वर्षे मिळतात. ‘आता ह्या वयात सोडून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

आपल्या खेड्यापाड्यांत सिगारेटपेक्षा विडी अधिक, आणि ती ‘पानाची’ म्हणून सौम्य, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून ती वारंवार व जोराने ओढावी लागते. तंबाखू थोडी असूनही कर्बप्राणिल वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, व डांबर पुष्कळ प्रमाणात फुप्फुसात जाते. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवितो आणि हृदयास अधिक राबावे लागते. ‘मी दिवसातून एखादीच ओढतो’ हे समर्थनही टिकत नाही. रोज एक सिगारेट ओढणारास हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाराच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो, असे 2018 सालच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. विडी सोडून तंबाखू-चुना किंवा मशेरी धरणे, हा तर रोग फुप्फुसातून तोंडात हलविण्याचा प्रकार होय.

सोडण्याचा दिवस आधी ठरवावा व घरी सांगावा. पहिले काही दिवस कठीण जातात: चिडचिड होते, झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही, भूक वाढते. हे निकोटीन तुटल्याचे लक्षण आहे व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ते ओसरते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, अंगणात एक फेरी मारावी. चहा व विडी ही जोडी ज्यांची आहे त्यांनी काही दिवस चहाची जागा बदलावी. मला स्वतःला टपरीचा रस्ताच बदलावा लागला. मध्येच एखादी ओढली गेली तर सारे संपले असे मानू नये. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आरंभ करावा. निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. शासनाच्या 1800-11-2356 ह्या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते.

आता वर्गाविषयी थोडेसे. बाटलीत सिगारेट जाळून काजळी दाखविण्याचा प्रयोग काही शाळांत होतो. तो करू नये. 2003 च्या अधिनियमानुसार शाळा हे धूम्रपानास बंदी असलेले सार्वजनिक ठिकाण आहे, आणि तिच्यापासून 100 यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास मनाई आहे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे हाही गुन्हा आहे. मी त्या मुलास दुकानात पाठवीत होतो, तसे आज केल्यास दुकानदारास मीच गुन्ह्यात ओढीन. त्याऐवजी मुलांना जागच्या जागी मिनिटभर धावावयास सांगावे, आणि मग नाक दाबून शीतपेयाच्या बारीक नळीतून अर्धा मिनिट श्वास घ्यावयास लावावे. आकसलेल्या श्वासनलिकांचे दुःख त्यांना न सांगता कळते. दमा असलेल्या मुलास मात्र ह्यातून वगळावे.

रोज 20 रुपये धरल्यास वर्षाचे 7,300 आणि तीस वर्षांचे 2,19,000 होतात, हे गणितही अवश्य घालावे. परंतु ‘तुझे वडील रोज कितीची ओढतात?’ असे वर्गात कोणासही विचारू नये. ज्या मुलाचा बाप विडी ओढतो, त्या मुलास बापाची लाज वाटावयास लावणे हे आपले काम नव्हे. शिवाय काही गावांत मुलाची आई विड्या वळून घर चालविते, ह्याचेही भान असू द्यावे.

ज्या सहकाऱ्यांस विडी, सिगारेट वा तंबाखू सोडावयाची इच्छा आहे, त्यांनी पुढील केंद्र शिक्षण परिषदेच्या दिवशी अर्धा तास आधी यावे. आपण शाळेच्या मागील झाडाखाली बसू. ह्या भेटीची नोंद कोणत्याही शेरेपुस्तकात होणार नाही.