डोंगरी कुठे गेली?

मुलांनो, आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाचे गाव आहे. 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, हे तुम्हांला सांगायला नको. इतरत्र याच शब्दाचे 'बुद्रुक' झाले. येथे मँगनीजची उघडी खाण आहे. टॉर्चच्या सेलमध्ये हे मँगनीज वापरतात.

उघड्या खाणीत जमीन वरून खोदत जातात. मग पूर्वीची उंची कोण सांगणार? जुना स्थलदर्शक नकाशा! भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) असे नकाशे तयार करतो. त्यांवरील तपकिरी रेषा पाहा. एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्या उंचीची असतात. बंद रेषांच्या आत आकडे वाढत गेले तर टेकडी, घटत गेले तर खड्डा. आकडे न वाचणारा खड्ड्यालाच टेकडी म्हणतो. वर्गात हे हमखास घडते.

आता जुना व नवा नकाशा शेजारी ठेवा. जुन्यात उंची फुटांत आहे, नव्यात मीटरमध्ये. आधी हिशेब करा. नाला किंवा रेल्वेमार्ग धरून जागा जुळवा. जेथे आकडा घटला, तेथून दगड निघाला. शेजारी जेथे वाढला, तेथे बहुधा खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा ढीग असेल. जुन्या नकाशावर तेथे कदाचित कोणाचे शेत सापडेल.